पाणीपट्टी १,२०० वरून २,४०० आणि सोबत ५० एचपीचा नवा पंप: सभेआधी काय काय तपासायचं?

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीचा विषय आहे. लोकसंख्या १६ हजारांच्या आसपास, प्रभाग १७, नळजोडण्या २,६००. पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका निघाली आहे आणि त्यातले चार विषय एकमेकांत गुंतलेले दिसतात:

घरगुती पाणीपट्टी वर्षाला १,२०० वरून २,४०० रुपये करणे. जॅकवेलवर (कच्चं पाणी जिथून उपसतात ती विहीर) ४० एचपीच्या जागी ५० एचपीचा पंप घेणे. प्रभाग ६ मध्ये ३०० मीटर सिमेंट रस्ता, अंदाजे १८ लाख. आणि ४०० एलईडी दिवे, ४५ वॉटचे.

पाणीपट्टी वाढवायचं कारण टिपणीत एका ओळीत दिलं आहे: "विद्युत देयकाचा वाढता भार". पाणीपुरवठ्याचा वर्षाचा खर्च असा मांडला आहे: वीज २७ लाख, पगार ९ लाख, दुरुस्ती ६ लाख, तुरटी-टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ५ लाख, पाटबंधारे विभागाची बिगर सिंचन पाणीपट्टी २ लाख. एकूण ४९ लाख. वसुली ५८ टक्के.

जॅकवेलपासून जलशुद्धीकरण केंद्र ६ किलोमीटर, २०० मिमीची जुनी बिडाची लाईन, उंचीचा फरक ३५ मीटर. पंप रोज १६ तास चालतो. केंद्रातून टाकीवर चढवायला वेगळा २५ एचपीचा पंप आहे, तो १४ तास. तरी गावात पाणी एक दिवसाआड, आणि तेही पाऊण तास.

सभेला दोन आठवडे आहेत. प्रभागाच्या नगरसेविका ऐकून घेणाऱ्या आहेत, पण त्यांच्या हातात नेमके प्रश्न द्यावे लागतील. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कागद कोणते मागायचे?

---

पंपहाऊस

बेंबळाकाठ भाऊ, आकडे दिलेत हे बरं केलं. यातून निम्मं चित्र इथेच निघतं.

४० एचपी म्हणजे ३० किलोवॉट. पूर्ण भारावर मोटर मीटरमधून साधारण ३३ किलोवॉट ओढते. १६ तासांचे ५२८ युनिट. टाकीवरचा २५ एचपीचा पंप १४ तासांत २८५ च्या आसपास. दोन्ही मिळून रोजचे ८१५ युनिट, वर्षाचे तीन लाखांच्या जरा आत. २७ लाख भागिले तीन लाख, म्हणजे सगळे आकार धरून युनिटला ९ रुपये पडतात. बिलाशी ताळा बसतो. तेव्हा वीज चोरीला जात नाही किंवा बिल चुकीचं नाही, एवढं धरून चालू. प्रश्न हा की ५२८ युनिटांत किती पाणी वर येतं आणि किती यायला हवं.

सूत्र सोपं आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी एक मीटर चढवायला २.७२५ वॉट-तास लागतात. त्याला पंप आणि मोटर मिळून जी कार्यक्षमता आहे तिने भागायचं. ६० ते ६५ टक्के असेल तर संच चांगला. ४५ च्या खाली असेल तर पैसा पाण्यात.

आता दोन मोजमापं करा. दोन्हींना खर्च नाही.

पहिलं, पाणी किती येतं. जलशुद्धीकरण केंद्रात कच्चं पाणी ज्या टाकीत पडतं तिची लांबी-रुंदी टेपने घ्या. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायला लावा आणि अर्ध्या तासात पातळी किती सेंटिमीटर चढली ते पट्टी लावून मोजा. समजा टाकी ८ बाय ६ मीटर आहे आणि पातळी ९८ सेंमी चढली, तर ४७ घनमीटर, म्हणजे तासाला ९४ हजार लिटर. १६ तासांत १५ लाख लिटर.

दुसरं, पंपाच्या डिलिव्हरीवर प्रेशर गेज किती दाखवतो. गेज बहुतेक ठिकाणी काच फुटून पडलेला असतो. नवा काही शे रुपयांत मिळतो, ० ते १० किलोचा घ्या. १ किलो दाब म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा दाब धरा.

२०० मिमीच्या चांगल्या लाईनमधून तासाला ९४ घनमीटर नेताना घर्षणात किलोमीटरला साडेतीन मीटरच्या आत दाब जातो. ६ किलोमीटरला २० मीटर. उंचीचे ३५ मिळवले की ५५ मीटर. म्हणजे गेजवर साडेपाच किलो दिसायला हवा. (टर्बाइन किंवा सबमर्सिबल पंप असेल तर गेजपासून खाली पाण्यापर्यंतची खोली वेगळी मिळवा.)

इथे दोन वाटा फुटतात, आणि त्या अगदी वेगळ्या आहेत.

गेज साडेपाच दाखवत असेल तर: १,५०० घनमीटर × ५५ मीटर × २.७२५ म्हणजे २२५ युनिटांचं काम, आणि खर्च ५२८. कार्यक्षमता ४३ टक्के. दोष पंपात आहे. इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजला, त्याभोवतीच्या वेअर रिंगमधली फट वाढली, तळाच्या फूटव्हॉल्व्हची जाळी गाळाने भरली, किंवा मोटर अनेकदा रिवाइंड झाली. चांगला संच ३६३ युनिटांत हे काम करतो. रोजचे १६५ युनिट, वर्षाचे ६० हजार, म्हणजे साधारण ५ लाख ४० हजार रुपये वाचतात.

गेज ८ दाखवत असेल तर: १,५०० × ८० × २.७२५ म्हणजे ३२७ युनिटांचं काम. कार्यक्षमता ६२ टक्के. पंप ठणठणीत आहे, लाईन तुंबली आहे. बिडाच्या जुन्या पाईपमध्ये आतून गंजाचे गोळे धरतात आणि घर्षण दुपटीच्या वर जातं. किंवा उंचवट्यावरचे एअर व्हॉल्व्ह बंद पडून हवा अडकली आहे, किंवा वाटेतला एखादा स्लूस व्हॉल्व्ह (लाईन बंद-चालू करायचा) अर्धाच उघडा आहे.

बिल दोन्हीकडे सारखंच येतं. म्हणून नुसतं बिल पाहून पंप बदलायचा ठराव करू नये. दुसऱ्या प्रकारात ५० एचपी बसवला तर वीज २५ टक्के जास्त लागेल आणि पाणी जेमतेम ११ टक्के वाढेल, कारण प्रवाह वाढला की घर्षण त्याच्या जवळपास वर्गाने वाढतं. पुढच्या वर्षी पुन्हा "विद्युत देयकाचा वाढता भार" ही ओळ टिपणीत येईल.

---

ताळेबंद

पंपाचं पंपहाऊस भाऊंनी सांगितलं. मी जमाखर्चाचं सांगतो.

४९ लाख भागिले २,६०० जोडण्या म्हणजे जोडणीमागे १,८८५ रुपये. तेव्हा १,२०० हा दर खर्चाखाली आहे, हे मान्य करूनच बोला. "वाढ अजिबात नको" म्हणून उभे राहाल तर पहिल्या पाच मिनिटांत विषय हातचा जाईल. पण २,४०० हा आकडा कुठून आला? तो खर्चातून येत नाही. तो वसुली कमी आहे म्हणून आला आहे. जे भरतात त्यांच्याकडून न भरणाऱ्यांचं वसूल करण्याचा हिशेब आहे तो.

बघा: सध्याची मागणी, म्हणजे एकूण आकारलेली पाणीपट्टी, ३१ लाख २० हजार, ५८ टक्क्यांनी हाती १८ लाख. दर दुप्पट केला आणि वसुली तेवढीच राहिली तर ३६ लाख. तूट तरीही १३ लाखांची. आणि दर दुप्पट झाल्यावर वसुली ५८ वर टिकत नाही, घसरते. उलट दर १,८०० ठेवला, वसुली ८५ टक्क्यांवर नेली तर ३९ लाख ७८ हजार येतात. त्यात विजेचे पाच लाख वाचले तर खर्च ४४ लाखांच्या आत. उरलेली चार लाखांची तूट खालच्या दोन गोष्टींतून निघते.

एक, हे ५८ टक्के कशाचे? मागणी नोंदवहीत "मागील बाकी" आणि "चालू मागणी" असे दोन रकाने असतात. दोन्हींच्या बेरजेवर ५८ आहे की नुसत्या चालू मागणीवर, हे विचारा. बेरजेवर असेल तर चालू वसुली बरी असू शकते आणि जुनी बाकी थोड्याच खात्यांत अडकलेली असू शकते. प्रभागनिहाय आणि रकमेनुसार सर्वात मोठ्या ५० थकबाकीदारांची यादी मागा. त्यात शासकीय कार्यालयं, वसतिगृहं, निवासस्थानं निघतात. त्यांची वसुली घरोघर फिरून होत नाही, त्या त्या विभागाला जानेवारीआधी मागणीपत्र जावं लागतं, नाहीतर त्यांच्याकडे त्या वर्षाची तरतूदच राहत नाही.

दोन, मालमत्ता कराच्या नोंदवहीत मालमत्ता किती आणि जोडण्या किती? १६ हजारांच्या गावात मालमत्ता साडेतीन-चार हजार असणार. मोकळे प्लॉट आणि स्वतःच्या बोअरवरची घरं वजा करून जो फरक उरतो त्यात विनापरवाना जोडण्या आहेत. शिवाय दर एकच आहे का? घर, हॉटेल, गाड्या धुण्याचं सेंटर, आरओच्या कॅन विकणारा, सगळे १,२०० च भरत असतील तर दरवाढीआधी वर्गवारी करा. व्यावसायिक वापर आणि अर्ध्या इंचापेक्षा मोठी जोडणी, यांचा दर वेगळा असायलाच हवा.

बिलं कधी वाटतात तेही बघा. फेब्रुवारीत बिल आणि मार्चमध्ये जप्तीची नोटीस ही रीत आपल्याकडे चालणारी नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, कापसाचा पुढे जानेवारीपर्यंत. पहिला हप्ता नोव्हेंबरात मागितला तर निघतो. मार्चमध्ये तोच माणूस पीककर्ज नवं-जुनं करायच्या मागे असतो.

---

दिवाबत्ती

४०० एलईडीबद्दल थोडक्यात. ७० वॉटचा सोडियम दिवा चोकसकट ८५ वॉट घेतो. त्या जागी ४५ वॉट बसवला तर दिव्यामागे ४० वॉट वाचतात. रोज साडेअकरा तास धरून ४०० दिव्यांचे महिन्याला साडेपाच हजार युनिट. हे चांगलंच आहे. पण ते *बदली* दिवे आहेत की नव्या खांबांवरचे *वाढीव*? वाढीव असतील तर महिन्याला ६,२०० युनिट वाढतील. टिपणीत हे लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

गल्लीत ५ मीटरच्या खांबावर ४५ वॉट लागत नाही, २० ते २४ पुरतो. ४५ वॉट मुख्य रस्त्याला ठेवा. निविदेत १० केव्हीचं सर्ज संरक्षण (दाबाच्या झटक्यापासून), आयपी-६६ (धूळ-पाणी आत न जाणारं कवच) आणि ५ वर्षांची वॉरंटी जागेवर बदलून देण्याच्या अटीसह हवी. आपल्या भागात मे-जूनच्या विजा आणि दाबाच्या चढउतारात दिवा जळत नाही, आतला ड्रायव्हर जळतो. खांबाला अर्थिंग नसेल तर सर्ज संरक्षण असून उपयोग नाही. आणि प्रत्येक फीडरला टायमर बसवा. दिवसा ११ वाजता पेटलेले दिवे हे टायमर नसल्याचे असतात.

---

काळी माती

प्रभाग ६ चा रस्ता यात वेगळा विषय वाटतो, पण तो पाण्याशी सगळ्यात जास्त जोडलेला आहे. त्या ३०० मीटरखाली जी वितरण लाईन आहे तिचं वय काय आणि घरजोडण्या कशाच्या आहेत, हे विचारल्याशिवाय तो रस्ता मंजूर होऊ देऊ नका.

होतं असं: १८ लाखांचा रस्ता मार्चअखेर होतो. जूनमध्ये खाली जुनी जोडणी फुटते. रस्ता फोडतात, खड्ड्यात माती ढकलतात, वर थोडं काँक्रीट थापतात. पुढच्या पावसाळ्यात तो तुकडा खचतो आणि बाजूचे स्लॅब तडकतात. ३०० मीटरमध्ये दोन्ही बाजू धरून ५० ते ६० घरं. त्यांच्या जोडण्या रस्त्याच्या आधी बदलायला जो खर्च येतो तो रस्त्याच्या तुलनेत फार लहान आहे. वितरण लाईन स्लॅबच्या खालून काढून बाजूपट्टीत घ्यावी, निदान एक मीटर खोल. समोरच्या बाजूच्या घरांसाठी ठरावीक अंतरावर ११० मिमीचे पीव्हीसी पाईप आडवे टाकून ठेवावेत, म्हणजे पुढे जोडणी त्यातून ओढता येते आणि रस्ता फोडावा लागत नाही. हे आडवे पाईप अंदाजपत्रकात बाब म्हणून दिसले पाहिजेत. तोंडी कबुलीवर जाऊ नका.

आणि नालीतून गेलेल्या जोडण्या! एक दिवसाआड पाणी म्हणजे ४७ तास लाईन रिकामी. त्या काळात लाईनमध्ये ओढ तयार होते आणि फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी आत जातं. पावसाळ्यात जुलाबाची साथ एकाच गल्लीत येते ती यामुळे. टिल्लू पंप लावणारे घर मध्ये असेल तर ही ओढ आणखी वाढते. जोडणी नालीच्या वरून किंवा स्लीव्हमधून (बाहेरच्या मोठ्या पाईपमधून) घेणं एवढाच उपाय.

आता रस्त्याचंच. जमीन काळी भारी असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट म्हणजे दोन वर्षांत तडे. ४५ ते ६० सेंमी खोदून काळी माती बाहेर काढा, चांगला मुरूम थरांनी भरून पाणी मारून रोलर फिरवा, वर १५ सेंमी जीएसबी (खडीचा दाबलेला थर), मग काँक्रीट. खोदाईचं माप एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) चढतं, पण प्रत्यक्ष होतं का ते काँक्रीट पडल्यावर कळत नाही. म्हणून खोदाई झाल्या दिवशी फोटो, त्यात टेप दिसली पाहिजे.

मापं: ३०० × ३.५ × ०.१५ म्हणजे १५७.५ घनमीटर. एम-३० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला साडेसात पोती धरली तर १,१८० पोती सिमेंट. सांधे साडेचार मीटरपेक्षा लांब नकोत. एप्रिल-मेच्या उन्हात कटर त्याच दिवशी फिरला पाहिजे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरवला तर तडे आधीच पडून गेलेले असतात. किमान १४ दिवस आळे करून पाणी साठवायचं. नुसता नळीने फवारा मारला तर तासाभरात सुकतो. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) किमान सहा, तीन ७ दिवसांचे आणि तीन २८ दिवसांचे, आणि ते ट्रकमधून नाही, जागेवर पडणाऱ्या मालातून घ्या.

अजून एक: जुन्या रस्त्यावर थर चढवत गेले की रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पाणी घरात शिरतं. अंदाजपत्रकात तयार रस्त्याची पातळी लिहिलेली हवी.

---

विषयपत्रिका

आता कागद आणि मुदती.

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी, विशेष सभेची ३ दिवस आधी द्यावी लागते. तुमच्याकडे दोन आठवडे आहेत, पण माहिती अधिकाराचा अर्ज या सभेला उपयोगाचा नाही. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज तरी टाका (१० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतींना पानाला २ रुपये), कारण अर्थसंकल्पाच्या वेळी, फेब्रुवारीत, तो कामी येईल. प्रती मागण्याऐवजी आधी अभिलेख पाहणी मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि नेमकी कोणती पानं हवी ते कळतं.

या सभेसाठी नगरसेविकाताईंनी लेखी पत्र द्यावं: विषयांच्या टिपण्या, रस्त्याचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसह, पंपाची लॉगबुक आणि मागच्या १२ महिन्यांची पाणीपुरवठ्याची वीज देयकं सभेआधी मिळावीत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच.

वीज देयक तुम्हाला वाट न पाहताही दिसू शकतं. जॅकवेलच्या मीटरवर ग्राहक क्रमांक लिहिलेला असतो, तो महावितरणच्या संकेतस्थळावर टाकला की देयक उघडतं. त्यात तीन गोष्टी बघा. वर्गवारी "सार्वजनिक पाणीपुरवठा" आहे ना. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामाला लागणारी किती) किती आहे, ०.९ च्या खाली असेल तर तो सुधारणारा कपॅसिटर जळला आहे, ३० किलोवॉटच्या मोटरला १० केव्हीएआरच्या आसपास लागतो आणि तो पंपाच्या मानाने फारच स्वस्त आहे. आणि वेळेनुसार आकारणी लागू आहे का. असेल तर दिवसाच्या सौर तासांत सवलत आणि संध्याकाळी जादा आकार पडतो. १६ तासांतले जमतील तेवढे तास सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये बसवले आणि संध्याकाळचे टाळले तर एक रुपया न खर्चता बिल उतरतं. साठवण टाकी पुरेशी असली की हे जमतं.

सभेत: सभा नागरिकांना बसून ऐकायला खुली असते, बोलता येत नाही. ताईंनी ठरावाला दुरुस्ती सुचवावी, "विषय नामंजूर" असं म्हणू नये. दुरुस्तीचा मसुदा असा असावा: पंपाची कार्यक्षमता आणि लाईनचा दाब मोजून अहवाल पुढच्या सभेपुढे ठेवावा, तोवर पंप खरेदीचा विषय तहकूब, पाणीपट्टीचा विषय जोडणीमागच्या खर्चाच्या तक्त्यासह अर्थसंकल्पीय सभेत घ्यावा, रस्त्याच्या कामात जोडण्या बदलण्याची बाब समाविष्ट करून सुधारित अंदाजपत्रक घ्यावं. दुरुस्ती मतांनी पडली तरी विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. ठराव कायद्याला किंवा लोकहिताला सोडून आहे असं वाटलं तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्या अर्जाला इतिवृत्ताची ही नोंद जोडलेली असली की वजन येतं.

आणि "ऐनवेळचे विषय" वर लक्ष ठेवा. तहकूब झालेली खरेदी शेवटच्या दहा मिनिटांत तिथून परत येते.

पैशाची सोय: १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होतं; त्यातलं निम्मं पाण्यासाठी, निम्मं स्वच्छतेसाठी. लाईन दुरुस्ती आणि प्रवाह मापक पाण्याच्या बंधित भागात बसायचे. पगार बसत नसे. आताच्या अनुदानाच्या अटी विचारून घ्या.

---

पंपहाऊस

विषयपत्रिका भाऊंनी वेळेचं चांगलं सांगितलं. टीसीएल-तुरटीचे ५ लाखही बघा. ताजी टीसीएल ३० ते ३३ टक्के क्लोरीनची असते. ओल्या खोलीत उघड्या पोत्यात पडली की पावसाळ्यात २० च्या खाली जाते. १५ लाख लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम म्हणजे ३ किलो क्लोरीन. ताज्या मालाला १० किलो लागतात, शिळ्याला १५. वर्षाची खरेदी एकदम करणं इथे महागात पडतं, तीन-तीन महिन्यांची करा. शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतं का, हे ओटी टेस्टने (थेंब टाकून रंग बघायची चाचणी) रोज बघायचं. तुरटी जार टेस्टवर (भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून बघायची चाचणी) ठरवा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची मात्रा जानेवारीत तशीच चालू असेल तर ती नासाडी आहे.

---

बेंबळाकाठ

सगळ्यांचे आभार. ताईंनी पत्र दिलं, आवक क्रमांक घेतला. कर्मचाऱ्यांनी सहकार्य केलं आणि मोजमाप झालं. कच्च्या पाण्याची टाकी नेमकी ८ × ६ मीटर आहे, अर्ध्या तासात ९६ सेंमी चढली. नवा गेज लावला, ७.८ किलो. पॉवर फॅक्टर ०.८४. अँपिअर ५२. लाईनवर एअर व्हॉल्व्ह पाच आहेत, त्यातले तीन शेतांत आहेत आणि माती-दगडाखाली दबलेले आहेत. आता पुढे?

---

पंपहाऊस

मग उत्तर मिळालं. तासाला ९२ घनमीटर, ७८ मीटर, म्हणजे पंप ६० टक्क्यांच्या आसपास चालतो आहे. ५० एचपीची गरज नाही. ४० एचपीचा हाच पंप ठेवा, दोष लाईनमध्ये आहे.

क्रम असा ठेवा. आधी कपॅसिटर, आठवड्याच्या आत. मग ते तीन एअर व्हॉल्व्ह उकरून काढा, गोळा आणि सीट बदला, भोवती झाकणाचं चेंबर बांधा. एअर व्हॉल्व्हमधून शेतात पाणी घेतलं जात असेल तर तेही तिथेच कळेल. जॅकवेलला प्रवाह मापक लावून दोन टोकांचं पाणी जुळवलं की खात्री होते. त्याच फेरीत वाटेतला प्रत्येक स्लूस व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, फेरे मोजत पूर्ण उघडा. स्पिंडल फिरतो पण आतला पडदा वर येत नाही, असा एखादा निघतोच. पंप चालू असताना व्हॉल्व्ह झपकन बंद करू नका, धक्क्याने जुना बिडाचा सांधा उखडतो.

एवढ्यावर गेज साडेसहापर्यंत आला तर गंज कमी आहे, हवाच जास्त होती. सातच्या वर राहिला तर लाईन स्वॅबिंग करून घ्यावी लागेल: फोमचा दांड्यासारखा तुकडा पाण्याच्या दाबाने आतून ढकलतात. जुन्या लाईनला एकदम घट्ट स्वॅब घालायचा नाही, मऊ आणि लहान मापाचा आधी. निघालेलं पाणी केंद्रात घेऊ नका, बाहेर सोडा. अमृत २.० या केंद्राच्या पाणीपुरवठा योजनेत (२०२१-२६) सगळी शहरं घेतली होती, तिथे नव्या डीआय (डक्टाइल आयर्न) लाईनचा प्रस्ताव गेला असेल तर स्वॅबिंगवर मोठा खर्च करू नका, ती लाईन किती वर्षांत येते ते विचारून ठरवा.

दाब उतरला की हाच पंप जास्त पाणी देईल आणि त्याचबरोबर अँपिअर वाढतील. ३० किलोवॉटच्या मोटरची मर्यादा ५५ च्या आसपास असते, नेमपट्टीवर बघा. तिच्या वर गेला तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबून तात्पुरतं चालवा आणि इम्पेलर छाटून घ्या. नाहीतर व्हॉल्व्ह दाबून चालवण्यात सगळी बचत परत जाते.

त्याच जोडीला टाकीची गळती तपासा. रात्री सगळे झोन व्हॉल्व्ह बंद करून उंच टाकीची पातळी दोन तास बघा. टाकीचा आतला व्यास ११ मीटर असेल तर १० सेंमी उतरली म्हणजे साडेनऊ हजार लिटर गेले. १५ लाख लिटर म्हणजे माणशी ९४ लिटर रोज. एवढं पाणी वर येऊन पाऊण तासच मिळत असेल तर ते गावातच कुठेतरी जिरतं आहे.

---

ताळेबंद

हे मोजमाप एका पानावर तक्ता करून, कर्मचाऱ्याची सही घेऊन, ताईंच्या दुरुस्ती प्रस्तावाला जोडा. पंपाची जी रक्कम वाचते ती अर्थसंकल्पात "पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्ती" या शीर्षाखालीच राहील, असं ठरावात लिहून घ्या. पुनर्विनियोजनात (एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवताना) ती रस्त्यांकडे गेली तर एअर व्हॉल्व्ह तसेच मातीखाली राहतील. पाणीपट्टीसाठी १,८०० चा पर्याय द्या, दोन हप्ते, पहिला नोव्हेंबरात, आणि व्यावसायिक दर वेगळा. दर वाढवताना हरकती मागवाव्या लागतात, तेव्हा जाहीर नोटीस कुठे आणि कधी लागली तिचा फोटो ठेवा.

---

काळी माती

प्रभाग ६ च्या सुधारित अंदाजपत्रकात "घरजोडणी स्थलांतर" अशी एकच ठोक रक्कम टाकली तर मान्य करू नका. घरांची संख्या, पाईपची लांबी मीटरमध्ये, फेरूल आणि सॅडल या जोडणीच्या सुट्या भागांचे नग, आडव्या ११० मिमी पाईपांची संख्या, आणि भरलेली चर दाबण्याची बाब, सगळं वेगवेगळं हवं. ठोक रकमेचं एमबीत माप घेता येत नाही.